मिचेलबाईंच्या वहीतला धूमकेतू आणि कोळ्याचा धागा

प्रश्न असा आहे: ‘मी भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मारिया मिचेल या अमेरिकेतल्या सुरुवातीच्या खगोलशास्त्राच्या प्राध्यापिकेवर लेख लिहायचा आहे. तिची पत्रं आणि रोजनिशी वाचायला घेतली, पण धूमकेतूची रात्र सोडली तर बाकी सगळे प्रवास आणि भेटीगाठी वाटतात. शिवाय धूमकेतूचं पदक मिळायला वर्ष का लागलं, तेही कळत नाही. हे सगळं कुठून आणि कसं वाचू?’

थोडक्यात उत्तर आधी देतो. पदक अडलं ते टपालाच्या एका नियमामुळे. आणि वाचायचं कसं म्हणाल, तर धूमकेतूची रात्र एकदा वाचून बाजूला ठेवा. मग पेन्सिल घेऊन बसा आणि जिथं जिथं घड्याळ, स्क्रू, धागा, थंडी, पाठदुखी, आकडेमोड आणि टपाल येईल तिथं खूण करा. बाई तुम्हाला तिथं भेटतील. मी पस्तीसेक वर्षं हौशी मंडळींना दुर्बिणीमागं बसायला आणि वही ठेवायला शिकवतोय. ‘पहिली महिला शास्त्रज्ञ’ असले मथळे वाचून मुलं टाळ्या वाजवतात आणि विसरतात. पण मिचेलबाईंनी दुर्बिणीत केस कसे बसवले ते वाचून दाखवलं की वर्गातली निम्मी मुलं पुढं सरकून बसतात. त्यावर येतोच.

आधी दोन दुरुस्त्या. नावाचा अमेरिकन उच्चार ‘मराया’ असा आहे. आपल्याकडं ‘मारिया’ रूढ आहे, लेखात तेच ठेवलंत तरी बिघडत नाही. दुसरी दुरुस्ती जास्त महत्त्वाची. धूमकेतू शोधणारी जगातली पहिली स्त्री असं त्यांच्याबद्दल बऱ्याच ठिकाणी छापलेलं असतं. ते चूक आहे. बर्लिनच्या मारिया मार्गारेथे किर्खनं १७०२ साली धूमकेतू पाहिला होता, आणि इंग्लंडात कॅरोलाइन हर्शलनं १७८६ ते १७९७ या काळात आठ शोधले होते. मिचेलबाई अमेरिकेतल्या पहिल्या व्यावसायिक स्त्री-खगोलशास्त्रज्ञ, एवढं लिहा. ते खरं आहे आणि पुरेसंही आहे.

आता नॅन्टकेट. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यापासून दूर असलेलं हे बेट समजल्याशिवाय ही बाई कळणार नाही. १ ऑगस्ट १८१८ ला त्या तिथं क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या एका कुटुंबात जन्मल्या, दहा भावंडांमधल्या तिसऱ्या. बेटाचा धंदा देवमाशाच्या शिकारीचा. गलबतं पार प्रशांत महासागरापर्यंत जात आणि तीन-तीन, चार-चार वर्षांनी परत येत. भर समुद्रात आपण कुठल्या रेखांशावर आहोत हे कळायला क्रोनोमीटर लागे, म्हणजे अतिशय नेमकं चालणारं घड्याळ. पण कुठलंच घड्याळ बिनचूक चालत नाही. ते रोज किती सेकंद पुढं जातं किंवा मागं पडतं, ती त्याची ‘चाल’, गलबत बंदरात असतानाच ताऱ्यांवरून काढून ठेवावी लागे. हिशेब सोपा आहे. घड्याळ चार सेकंद चुकलं की विषुववृत्तावर एक सागरी मैलाची चूक. रोज एका सेकंदाची चाल नोंदवायची राहिली, तर महिन्याभरात गलबत नकाशावर साडेसात सागरी मैल सरकलेलं. रात्री खडकाळ किनारा जवळ असेल तर एवढं पुरतं. मारियाचे वडील विल्यम मिचेल ही कामं करत, आणि मुलगी चौदा वर्षांची झाली तेव्हा कप्तान लोक वडील घरी नसले तरी तिच्या हातात क्रोनोमीटर देऊन जात.

त्याआधीची एक गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण शेवटी ती परत येणार आहे. १२ फेब्रुवारी १८३१ ला नॅन्टकेटवरून कंकणाकृती सूर्यग्रहण दिसलं. वडील दुर्बिणीला डोळा लावून बसले आणि साडेबारा वर्षांची मारिया क्रोनोमीटरपाशी उभी राहून सेकंद मोजत होती. ११७ सेकंद. आपल्या घराचा रेखांश नक्की करण्यासाठी हा खटाटोप होता. आकाशाशी तिची ओळख झाली ती अशी, आकडे मोठ्यानं म्हणत.

१८३६ साली वडील बेटावरच्या पॅसिफिक बँकेचे कॅशियर झाले. कुटुंब बँकेच्याच इमारतीत राहायला गेलं आणि छपरावर वेधाची जागा तयार झाली. मारिया त्याच वर्षी अ‍ॅथिनियम या ग्रंथालयाची ग्रंथपाल झाली. नोकरी वीस वर्षं टिकली. दिवसा वाचक कमी असत, त्या वेळात त्यांनी तिथलं गणित वाचून काढलं. कॉलेजचं तोंड त्यांनी शिकायला म्हणून कधीच पाहिलं नाही.

शुक्रवार, १ ऑक्टोबर १८४७. घरी पाहुणे जमलेले. बाई हळूच निघून छपरावर गेल्या. रात्री साडेदहाच्या सुमारास, छोट्या दुर्बिणीतून, ध्रुवताऱ्याच्या वर पाच अंशांवर एक धूसर ठिपका दिसला. तिथं असा ठिपका असायला नको, हे ओळखण्यासाठी तिथं रोज काय असतं ते पाठ असावं लागतं, म्हणून तर धूमकेतू हौशी लोकांना सापडतात. खाली येऊन वडिलांना सांगितलं. वडिलांनी आपल्या वहीत त्याच रात्री नोंद केली: साडेदहा वाजता मारियाला ध्रुवताऱ्यापासून पाच अंशांवर दुर्बिणीतला धूमकेतू सापडला. एक ओळ, वेळ आणि जागेसकट.

इथून तुमचा टपालाचा प्रश्न सुरू होतो. ही पत्रं नीट लावून वाचा, मजा आहे.

डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक यानं १८३१ मध्ये सुवर्णपदक जाहीर केलं होतं. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा नवा धूमकेतू जो पहिल्यांदा शोधेल त्याला हे पदक, किंमत वीस डुकाट, म्हणजे त्या काळची सोन्याची नाणी. नियम कडक होते. शोध युरोपच्या मुख्य भूमीवर लागला तर हॅम्बुर्गजवळच्या आल्टोनाच्या शुमाखर या खगोलशास्त्रज्ञाला कळवायचं. ब्रिटनमध्ये किंवा जगात इतरत्र लागला तर लंडनला, आणि १८४७ साली याचा अर्थ होता राजखगोलज्ञ एअरी. कळवायचं ते शोधानंतरच्या पहिल्या टपालानं, आणखी वेधांची वाट न बघता. ही अट तंतोतंत पाळली नाही तर दावा गेला. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. ‘खात्री करून मग कळवतो’ म्हणणाऱ्या माणसाचाच त्यात बळी जातो, हा त्याचा तोटा.

आणि मिचेलबाई नेमक्या त्या स्वभावाच्या. वडिलांना लगेच जाहीर करायचं होतं. लेक म्हणे, दुसऱ्या कुणी आधीच पाहिला असेल, थांबा. शेवटी वडिलांनी ३ ऑक्टोबरला, रविवारी, केंब्रिजला हार्वर्डच्या वेधशाळेत विल्यम बाँड यांना पत्र लिहिलं. बाँड घरोब्यातले होते, साहजिकच त्यांना लिहिलं. पण नियमात बाँड कुठंच नव्हते. एअरींना काहीच गेलं नाही.

त्याच ३ ऑक्टोबरच्या रात्री रोममध्ये फादर फ्रांचेस्को दे व्हिको यांना तोच धूमकेतू दिसला. ते जुने जाणते होते, त्यांनी नियमाप्रमाणे कळवलं. ७ ऑक्टोबरला इंग्लंडात डॉज यांनी पाहिला, ११ ला हॅम्बुर्गमध्ये श्रीमती र्‍यूमकर यांनी. युरोपच्या दप्तरी दे व्हिको पहिले ठरले, कारण अटलांटिक ओलांडून नॅन्टकेटची बातमी पोचायलाच कितीतरी दिवस लागणार होते.

पुढं खेळात उतरले ते हार्वर्डचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट. १० जानेवारी १८४८ चं त्यांचं विल्यम मिचेल यांना पत्र आहे: तुमच्या मुलीच्या वतीनं पदकाचा दावा केलात का? याच नियमात न बसल्यामुळे बाँड यांच्या मुलाचं, जॉर्जचं, एकदा पदक गेलंय, तसं मिस मिचेल यांचं होऊ नये. या वाक्यापाशी थांबा. अमेरिकेतल्या निरीक्षकांना हा काटा आधीच लागलेला होता. एव्हरेट यांनी मग शुमाखरना लिहिलं, कोपनहेगनमधल्या अमेरिकी राजनैतिक प्रतिनिधीमार्फत डॅनिश दरबारी लिहिलं, बाँडना आलेलं ३ ऑक्टोबरचं पत्र पुराव्यादाखल पुढं केलं. मुद्दा एकच: कळवण्यात तांत्रिक चूक झाली असेल, पण शोधाची तारीख कागदावर आहे, आणि तो कागद दे व्हिकोंची बातमी कुणाला ठाऊक नव्हती तेव्हाचा आहे. तिकडं डेन्मार्कात त्याच जानेवारीत राजा वारला, नवा गादीवर आला, वसंतात श्लेस्विग-होल्स्टाइनचं युद्ध पेटलं, आणि शुमाखरचं आल्टोना नेमकं होल्स्टाइनमध्ये. या गोंधळात १८४८ सालीच एका दूरच्या बेटावरच्या ग्रंथपालबाईला पदक मंजूर झालं, याचं मला तरी कौतुक वाटतं. पदकावर व्हर्जिलची लॅटिन ओळ आहे: ताऱ्यांचे उदय-अस्त आम्ही उगाच न्याहाळत नाही.

या भागाशी माझी एक जुनी जखम जोडलेली आहे, म्हणून लांबलो. उमेदवारीच्या काळात मी एका ताऱ्याचं चंद्रपिधान पाहिलं होतं. तारा चंद्राच्या अंधाऱ्या कडेमागं गेला त्या क्षणी स्टॉपवॉच दाबलं. सुंदर वेध होता. वेध झाल्यावर आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या पिप्-पिप्‌वर घड्याळ ताडून पाहायचं असतं, ते उत्साहात राहिलं. दुसऱ्या दिवशी ताडलं तर घड्याळ दोन सेकंद पुढं. ते वेधाच्या वेळी किती पुढं होतं, देव जाणे. निरीक्षण कचऱ्यात गेलं. तेव्हापासून विल्यम मिचेल यांची ती एक ओळ मी प्रत्येक वर्गात फळ्यावर लिहितो.

आता पत्रं आणि रोजनिशी आपल्यापर्यंत आली कशी, ते बघा, कारण त्याशिवाय त्यातल्या रिकाम्या जागा कळणार नाहीत. १३ जुलै १८४६ च्या रात्री नॅन्टकेटला मोठी आग लागली. गावाचा मधला भाग गेला, अ‍ॅथिनियम पुस्तकांसकट जळालं. त्या वेळी लोकांची खासगी कागदपत्रं वाऱ्यावर उडून गावभर पसरली आणि ज्यांनी वाचू नयेत त्यांच्या हाती लागली. ते पाहून बाईंनी आपले जुने खासगी कागद स्वतःच जाळून टाकले. म्हणजे अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंतची मारिया आपल्याला तिच्या शब्दांत फारशी मिळतच नाही. पुढचं जे आहे त्यातून धाकटी बहीण फीबी मिचेल केंडल हिनं निवड करून १८९६ मध्ये पुस्तक काढलं. तुम्ही वाचताय ते बहुधा हेच. बहिणीनं निवडलेलं आहे हे लक्षात ठेवून वाचा: नावांच्या जागी अद्याक्षरं आहेत, घरातली भांडणं नाहीत, थोरामोठ्यांच्या भेटी भरपूर आहेत. तुम्हाला ‘नुसत्या भेटीगाठी’ वाटल्या त्याचं कारण हे. मूळ कागद नॅन्टकेटच्या मारिया मिचेल असोसिएशनकडं आणि व्हासार कॉलेजच्या दप्तरात आहेत.

आता तो धागा. ट्रान्झिट दुर्बिणीत, म्हणजे तारा मध्यमंडल (आकाशातली डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडताना त्याची वेळ टिपणाऱ्या दुर्बिणीत, नजरेसमोर पाच उभ्या आणि एक आडवी अशा अतिशय बारीक तारा ताणलेल्या असतात. तारा एकेक उभी तार ओलांडतो, तुम्ही घड्याळाचे ठोके मोजत वेळ लिहिता, पाचांची सरासरी काढता. १८५० च्या दशकातल्या एका जानेवारीत बाईंच्या दुर्बिणीतल्या पाचांपैकी दोन तारा तुटल्या. हे काम आता करावं लागणार या धास्तीनं त्यांना रात्री धड झोप लागली नाही, असं त्या लिहितात. मग सकाळी बसल्या. आधी छोटे स्क्रू काढले, नळी बाहेर घेतली. आतली पितळी चकती कुठल्या स्क्रूंवर आहे ते चटकन कळेना. चुकीचा स्क्रू फिरवायचा नाही म्हणून थांबून विचार केला, तेव्हा दोनच फिरवायचे आहेत असं ध्यानात आलं. कोळ्याचा धागा कसा हाताळायचा ठाऊक नव्हतं, म्हणून स्वतःच्या डोक्यावरचे केस घेतले. पांढरे निवडून घेतले. काळे खर्चायला उरले नाहीत, अशी वर टिप्पणी. केस पुठ्ठ्यावर ताणले आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेनं चकतीच्या खाचांत चिकटवले.

इथून सगळं बिघडत जातं, आणि मला हीच पानं सगळ्यात आवडतात. लाखेचा अंश केसांवर लागला. तो धुवायला ब्रश घेतला तर जुन्या तारा एकामागून एक निघून आल्या. सगळ्या पुन्हा बसवल्या. हाताचा एक धक्का, सगळ्या उठल्या. पुन्हा बसवल्या, दुपारचा एक वाजला. चकती जागेवर सरकवताना लाख ओली होती, जरासा हादरा बसला आणि सगळ्या तारा वाकड्यातिकड्या. त्या दिवशी तिथंच थांबल्या. पण अगदीच अपयश नाही असं लिहून ठेवलं. आणि लगेच पुढची शंका: डोळ्याला सरळ दिसणारा केस भिंगातून पाहिला की त्याचा बारीकसा बाक मोठ्या लाटेसारखा दिसेल, आणि एखादा मंद तारा त्या लाटेच्या खोलगटात लपून बसेल.

आणि झालं तसंच. केस जाड, त्यात हवा बदलली की वळणारे. मग त्यांनी जॉर्ज बाँडला पत्र टाकलं. हाच तो, ज्याचं पदक हुकलं होतं. त्याचं उत्तर आलं: कोळ्याच्या कोशातला धागा वापरा, पण या दिवसांत कोश मिळणं कठीण. बाईंना आठवलं की ग्रंथालयाच्या खोलीत दोन कोश आहेत, आपण मुद्दाम झाडले नव्हते! ते सोडवले. तरीही जमेल न जमेल म्हणून घरातल्या वर्षाच्या आतल्या एका बाळाचे केस घेतले, कारण तान्ह्याचा केस फार मऊ आणि बारीक. पुस्तकात त्याचं नुसतं ‘सी.’ एवढंच अक्षर आहे. उभ्या तारा कोळ्याच्या, आडवी तार बाळाच्या केसाची. मग चोवीस तास उघड्या हवेत ठेवून पाहिलं. कोळ्याचे धागे जसेच्या तसे. थंडी त्यांच्या अंगवळणी पडलेली. बाळाचा केस मात्र, ज्यानं आईच्या कुशीतून बापाच्या हातात जाण्यापलीकडं हवापालट पाहिला नव्हता, छान कुरळा झाला होता. नोंदीच्या शेवटी बाई मिश्कीलपणे लिहितात की या बाळाला पुढं कुरळे केस येणार असं समजावं.

तुमच्या लेखात एकच प्रसंग सविस्तर घ्यायचा असेल तर हा घ्या. यात उपकरणशास्त्र आहे, प्रयोग आहे (दोन वेगळे पदार्थ, तीच हवा, चोवीस तास), चुकीची कबुली आहे आणि विनोद आहे. भरतकाम करणारा डोळा तितक्याच सफाईनं मायक्रोमीटरच्या, म्हणजे दुर्बिणीतल्या बारीक अंतरं मोजायच्या उपकरणाच्या, कोळ्याच्या धाग्यानं आकाशातला तारा दुभागू शकतो, असं त्यांचं एक वाक्य स्त्रीशिक्षणाच्या भाषणांतून नेहमी येतं. हा प्रसंग वाचल्यावर ते वाक्य कुठून आलं ते कळतं. बाईंना त्या कामाची पुरती कल्पना होती.

दरम्यान १८४९ पासून त्या अमेरिकन नॉटिकल अल्मनाकसाठी, म्हणजे सरकारी नाविक पंचांगासाठी, गणक म्हणून काम करत होत्या. वर्षाला तीनशे डॉलर. त्यांच्याकडं शुक्राची कोष्टकं होती. आकडेमोड घरी बसून करायची, तक्ते टपालानं पाठवायचे. एकोणीस वर्षं. यावर लिहायला फारसं रंजक काही नाही. रंजक नसलेलं काम एकोणीस वर्षं बिनचूक करणं म्हणजे काय, ते एखाद्या पंचांगकर्त्याला विचारा. ऑक्टोबर १८५४ ची नोंद मात्र चुकवू नका. एका धूमकेतूच्या कक्षेचं गणित पुन्हा तपासल्यावर त्या लिहितात की सात वर्षांपूर्वी जेवढं कळत होतं त्याहून फारसं जास्त कळत नाही हे पाहून शरम वाटते. विचार थोडा बरा करता येतो, दुसऱ्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवत नाही, पण स्वतःवरचा विश्वासही कमी झालाय. पदक मिळालेली, अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ आर्ट्स अँड सायन्सेसनं १८४८ मध्ये निवडलेली पहिली स्त्री हे लिहितेय. १८५४ च्याच मार्चमधली आणखी एक नोंद आहे: दोन तास आकाश झाडून काढलं, वारा नाही, ढगाची किनार नाही, थंडी वाजायच्या कितीतरी आधी पाठ भरून येते, सिंह राशीत ओळखीचे नसलेले दोन तेजोमेघ दिसले आणि श्रम वसूल झाले. दुर्बिणीमागं ज्यानं रात्र काढली आहे त्याला त्या पाठीबद्दल काही सांगावं लागत नाही.

१८५७ चा युरोपप्रवास पुस्तकात भरपूर आहे, तो भराभर वाचलात तरी चालेल. शिकागोच्या एका सावकाराच्या मुलीची सोबत म्हणून त्या निघाल्या, मध्येच आर्थिक संकट आलं आणि मुलगी परत गेली, बाई थांबल्या. ग्रिनिचला एअरी भेटले. जॉन हर्शल यांनी कॅरोलाइनआत्याच्या हस्ताक्षरातलं एक पान दिलं. फ्लॉरेन्सला विज्ञानलेखिका मेरी सॉमरव्हिल, बर्लिनला म्हातारे निसर्गशास्त्रज्ञ हुम्बोल्ट. थांबायचं ते रोमला. कोलेजियो रोमानोची वेधशाळा त्यांना पाहायची होती, आणि तिथं बायकांना प्रवेश नव्हता. वरपर्यंत खटपट करून परवानगी मिळाली. फादर सेक्की यांनी स्वागत केलं, दाखवलं सगळं. बाईंना तिथल्या दुर्बिणीतून तेजोमेघ पाहायचे होते. पण परवानगी दिवसापुरती होती, अंधार पडायच्या आत बाहेर. पाखंड्याचे पाय देवळात पडू नयेत आणि बाईचा झगा विद्येच्या आसनांना घासू नये हे आपल्याला माहीत नव्हतं, असं त्या उपरोधानं लिहितात. खगोलशास्त्रज्ञाला वेधशाळेत बोलवायचं आणि तारे उगवायच्या आत घालवायचं! आता मागचं पान उलटा: ३ ऑक्टोबर १८४७ ला तोच धूमकेतू टिपणारे दे व्हिको याच वेधशाळेचे प्रमुख होते. हे दोन धागे पुस्तकात एकमेकांपासून लांब आहेत, तुम्ही जोडा.

मग व्हासार. न्यूयॉर्क राज्यात पकिप्सी इथं मॅथ्यू व्हासार नावाच्या बियर गाळणाऱ्या धनिकानं मुलींसाठी कॉलेज काढलं. १८६५ च्या सप्टेंबरमध्ये ते सुरू झालं. मिचेलबाई तिथं खगोलशास्त्राच्या प्राध्यापक आणि वेधशाळेच्या प्रमुख झाल्या, म्हातारे वडील सोबत राहायला आले. बारा इंची दुर्बीण होती, त्या काळच्या अमेरिकेत मोठी. पगार आठशे डॉलर आणि दोघांचं राहणं-जेवण. पुरुष प्राध्यापकांना दुपटीहून जास्त. १८७१ मध्ये त्यांनी आणि डॉ. अलायडा एव्हरी यांनी मिळून हा प्रश्न विश्वस्तांपुढं लावून धरला तेव्हा पगार वाढला. संस्थापकांची एक गोष्ट विषयाला सोडून आहे, पण सांगतोच: जून १८६८ मध्ये विश्वस्तांपुढं निवृत्तीचं भाषण वाचता वाचताच मॅथ्यू व्हासार यांनी प्राण सोडला.

शिकवण्याबद्दल पत्रांतून एवढं नीट कळतं की त्यांना गुण देणं मान्य नव्हतं. बुद्धी मोजायचं एककच नाही तर आकडा कशाचा टाकायचा? मुली सूर्यावरच्या डागांचे रोजच्या रोज फोटो घेत, गुरू आणि शनीचे वेध घेत. रात्रीचं निरीक्षण म्हणजे रात्रीच. मेरी व्हिटनी त्यांच्याच हाताखाली शिकली आणि पुढं त्यांच्या जागी आली. हार्वर्डला ताऱ्यांच्या वर्णपटांवर काम करणारी अँटोनिया मोरी हीसुद्धा त्यांचीच विद्यार्थिनी.

१८७८ च्या खग्रास ग्रहणाची हकीकत वाचताना पुन्हा पेन्सिल काढा. २९ जुलै, डेन्व्हर. बाई साठीच्या घरात, माजी विद्यार्थिनींना घेऊन पूर्वेकडून रेल्वेनं निघाल्या. कोलोरॅडोत त्या वेळी सँटा फे आणि डेन्व्हर अँड रिओ ग्रँड या दोन रेल्वे कंपन्यांचं वितुष्ट चाललं होतं. एकीनं आणलेलं सामान दुसरी पुढं नेईना. माणसं डेन्व्हरला पोचली आणि भिंगं ज्या सामानात होती ते मागं पुएब्लोला अडकलं. ग्रहण काही थांबत नाही. सामान कसंबसं वेळेत आलं, गावाबाहेर टेकाडावर दुर्बिणी लागल्या, आकाश निवळलं. खग्रास अवस्था पावणेतीन मिनिटांच्या आसपास. शोभेची वर्णनं पुष्कळ लोकांनी लिहिली आहेत. बाईंच्या हकिकतीत कुणी कुठं बसायचं, कुणी काय बघायचं आणि सेकंद कोण मोजणार याची वाटणी आहे. ग्रहणाला मुलं घेऊन जाणाऱ्या कुठल्याही शिक्षकानं ती पानं जवळ ठेवावीत.

तुमच्या लेखासाठी अजून एक धागा देतो, तो त्या पुस्तकात सापडणार नाही. मिचेलबाई २८ जून १८८९ ला लिन गावी वारल्या. व्हासारमधूनच १८८७ मध्ये बाहेर पडलेली मार्गारेटा पामर पुढं येल विद्यापीठात गेली आणि १८९४ मध्ये तिथून पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी एक झाली. तिच्या प्रबंधाचा विषय होता १८४७ च्या त्याच धूमकेतूची कक्षा. रोम, इंग्लंड, हॅम्बुर्ग, केंब्रिज, जिथून जिथून वेध घेतले गेले ते सगळे गोळा करून बाईंच्या विद्यार्थिनीनं बाईंच्या धूमकेतूचा मार्ग गणितानं काढला.

आणि पहिल्या पानावरची ती नोंद. सूर्यग्रहणं १८ वर्षं ११ दिवस आणि साधारण आठ तासांनी पुन्हा तशीच येतात, याला सारोस म्हणतात. ते वरचे आठ तास असल्यामुळे पृथ्वी एक तृतीयांश फिरलेली असते आणि ग्रहण दुसऱ्याच प्रदेशात दिसतं. तीन सारोस झाले, म्हणजे ५४ वर्षं आणि महिनाभर उलटला, की आठ-आठ तासांचा पूर्ण दिवस होतो आणि ते पुन्हा जवळपास त्याच रेखांशांवर येतं. १२ फेब्रुवारी १८३१ मध्ये तेवढे दिवस मिळवा, १६ मार्च १८८५ येते. त्या तारखेची बाईंची नोंद काढून वाचा. १८३१ मध्ये नॅन्टकेटला वडिलांसाठी सेकंद मोजले होते, आज ५४ वर्षांनी व्हासारला विद्यार्थिनींसाठी मोजले; ग्रहण तेच, फक्त या वेळी सूर्य निम्माच झाकला गेला. दोन्ही दिवशी आकाश स्वच्छ होतं आणि थंडी होती.